साबणाच्या वडीचा सल्ला

माझी लेक शर्वी बालवाडीच्या दारात मला सोडतच नाही. "तुम्हीच लाडावून ठेवलीय," असं काल बाई म्हणाल्या आणि माझी झोप उडाली. सकाळी वाटेत मी तिला ही गोष्ट सांगितली. तिच्यासाठी की माझ्यासाठी, देव जाणे.

फार फार पूर्वी एका झऱ्याच्या डोहात पाण्याचे थेंब एकमेकांचे हात घट्ट धरून राहायचे. त्या हातांवर हलकेच पाय टेकत एक लंबूटांग पाणकिडा डोहभर पळायचा.

काठावरची साबणाची वडी रोज टोमणे मारायची, "अरे, किती ते चिकटणं! जरा मोकळं व्हायला शिका." थेंबांना वाटलं, एवढी शहाणी सांगतेय, तर खरंच असेल. वडी पाण्यात उतरली आणि थेंबांचे हात सैल पडले.

"अरे, धरा मला!" किडा ओरडला आणि बुडायला लागला.

"मी भल्यासाठीच सांगत होते रे!" म्हणत वडी घाबरून काठावर आली. झऱ्याचं ताजं पाणी धावत आलं आणि फेस वाहून गेला. थेंबांनी पुन्हा हात धरले, तसा किडा धडपडत वर आला.

"ताई, कपडे धुताना आम्ही हात सोडू की," थेंब वडीला म्हणाले. "पण आमच्यावर कोण उभं आहे, ते आधी बघू तरी दे."

गोष्ट संपली तेव्हा आम्ही बालवाडीच्या दारात होतो. शर्वी म्हणाली, "आई, हात सोड ना. किडा कसा पळायचा, ते बाईंना दाखवते."