रायफलीचा ढिला स्क्रू

फार मागे, डोंगरापलीकडच्या एका वाडीत राखणदार येसजीने स्वस्तातली परदेशी रायफल आणली. तिचा एक स्क्रू ढिला होता आणि काडतुसं भरायच्या पेटीचं, मॅगझीनचं, तोंड वाकलेलं होतं. रायफलीला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. पण ‘सांगितलं तर हा मला परत धाडेल’ या भीतीने ती गप्प राहिली. नेम चुकला की येसजी बिचारा आपल्याच डोळ्यांना दोष देई.

एके दिवशी बिथरलेलं रानडुक्कर शेतात घुसलं. येसजी मचाणावर चढला. पहिली गोळी बाजूच्या मातीत गेली आणि दुसरं काडतूस आतच अडकलं. डुक्कर मचाणाच्या खांबाला धडका देऊ लागलं. येसजीची कुत्री चांदी मध्ये पडली आणि सुळ्यांखाली सापडली.

तिचं केकाटणं ऐकून रायफल बोलली, “धनी, माझा स्क्रू ढिलाय. मॅगझीनचं तोंडही वाकलंय.”

येसजीने अडकलेलं काडतूस उपसलं, चाकूच्या टोकाने स्क्रू आवळला, वाकलेला पत्रा दाबून सरळ केला. खांब कडकडला, तेवढ्यात गोळी सुटली. डुक्कर कोसळलं.

खाली उतरून येसजीने मेलेल्या चांदीचं डोकं मांडीवर घेतलं.

“मला परत धाडणार का?” रायफलीने हळूच विचारलं.

“नाही,” येसजी म्हणाला. “पण हे काल सांगायचं होतंस.”