गादीवर ठेवलेले पाय

विषय : तासन्‌तास उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगणे व त्यालाच निष्ठा समजले जाणे.
संदर्भ : एका आश्रमातील प्रसंग. हकीकत विचारार्थ सादर.

एक वृद्ध आचार्य प्रवचनास बसत, तेव्हा त्यांच्या गादीमागे एक शिष्य पंखा घेऊन उभा राही. गुरूंच्या सान्निध्यात शिष्याने बसायचे नाही, असा तिथला रिवाज होता. तो कोणी घालून दिला हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणूनच तो काटेकोरपणे पाळला जाई.

शिष्य चाळिशीला टेकला होता. वर्षानुवर्षे उभे राहून त्याच्या पोटऱ्यांवर निळ्या, गाठाळ शिरा उठल्या होत्या. संध्याकाळी पाय ओढवत नसत. घोट्याजवळची कातडी काळवंडली होती आणि तिथली एक जखम भरता भरत नव्हती. तो धोतर खाली ओढून ती झाकून घेई. आश्रमात आजारी माणसाला घरी धाडत, आणि घरी गेलो तर अध्ययन अर्धवट राहील, ही त्याला धास्ती. भाविक मात्र त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, "याला म्हणतात सेवा!" असे म्हणणारे सगळे बसलेले असत.

एके दिवशी ऐन प्रवचनात त्याच्या धोतरावर रक्ताचा डाग उमटला. आचार्य थांबले, गादीवरून खाली उतरले आणि म्हणाले, "आडवा हो. पाय माझ्या गादीवर ठेव."

शिष्य पांढराफटक पडला. "गुरुजी, नको. पाप लागेल मला."

"ते माझ्या नावावर घाल. हो आडवा."

शिष्य जमिनीवर निजला. आचार्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या टाचांखाली दोन लोड सरकवले. पुढे बसलेल्या कापडाच्या व्यापाऱ्याला राहवले नाही. गादीचे कापड त्याच्याच दुकानातले होते.

"महाराज, गादीला पाय? लोक काय म्हणतील?"

"लोक बसलेत, शेटजी. बसल्या जागेवरून म्हणायला काय जातं?"

मग ते शिष्याला म्हणाले, "बाळा, पायात उतरलेल्या रक्ताला परतताना चढण लागते. चढलेलं रक्त पुन्हा घसरू नये म्हणून शिरांत बारीक झडपा असतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते. नुसतं उभं राहिलं की पोटरी थंडावते, आणि झडपा सैल झाल्या असतील तर रक्त खालीच साचतं. शीर फुगते, कातडी कुजू लागते. चालणं चांगलं, पाय उंच करून निजणं चांगलं. खिळून उभं राहणं तेवढं वाईट, आणि आपण नेमकं त्यालाच पुण्य ठरवलं. उभं राहून मोक्ष मिळता, तर या मंडपाच्या खांबांना आपल्याआधी मिळाला असता."

"मला घरी पाठवणार का?"

"डॉक्टरांकडे पाठवणार. जखम त्यांनी बघायची, मी नाही. परत आलास की बसून ऐकायचं."

आचार्यांनी जमिनीवर बसूनच उरलेले प्रवचन पुरे केले. शेवटी शिष्य हळूच म्हणाला, "गुरुजी, आज प्रवचन ऐकू आलं. एरवी मला पायच ऐकू यायचे."

डॉक्टरांनी पाय तपासून जखम बांधली, आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी गुंडाळून ती कशी बांधायची हेही शिकवले. फुगलेल्या शिरा आपोआप जात नाहीत, पुढे उपचार करावे लागतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शिष्य आता बसून शिकतो, मधूनमधून अंगणात फेऱ्या मारतो. जखम भरत आली आहे.

व्यापाऱ्याला बोध पूर्णपणे पटला. दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या नोकरांना स्टुले द्यावीत, असे त्याने सभेतच जाहीर केले, टाळ्याही पडल्या. गिऱ्हाइकासमोर नोकर बसलेला बरा दिसेल काय, एवढ्या एका मुद्द्यावर त्याचा विचार चालू आहे. नोकर तूर्त उभे आहेत.