सम्राटाचं शेपूट

माणसं कुत्री पर्समध्ये घालून फिरू लागली, त्या काळातली ही गोष्ट. आकाराने मी उंदराहून जरासा मोठा, पण नाव सम्राट. माझे डोळे उघडायच्या आधीच, शोभत नाही म्हणून माझं शेपूट छाटलेलं. सम्राटाला शेपूट हवंय कशाला, असं मलाही वाटायचं.

एकदा माझ्या मालकीणबाई, वृंदाताई, मंडईत वांगी निवडत होत्या. मी ऐटीत पर्समधून उडी मारली, तर समोर मंडईचा दांडगा कुत्रा, खंड्या! तो गुरगुरला. शरण जावं म्हणून मी शेपूट घालायला गेलो. घालणार काय, कपाळ?

"शेपूट घाल, सोडतो तुला," खंड्या म्हणाला.

"घातलंय हो, दादा!"

"मला तर दिसत नाही. माज करतोस?" म्हणत त्याने माझा कान फाडला.

वृंदाताईंनी मला झटकन उचललं, कानाला पदर लावला आणि भाजीवालीला अभिमानाने सांगितलं, "बघितलंत मावशी? आमचा सम्राट कुणापुढे शेपूट घालत नाही!"

एवढं कौतुक ऐकून मी खुशीने शेपूट हलवायला गेलो.