डाळिंबावरच्या पुरचुंड्या

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. इतकी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हेही आता कुणाला सांगता येत नाही. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. पाऊस तिथे असा मुक्कामाला यायचा, की चार महिने अंगणातला दगड कोरडा दिसायचा नाही. भिंती हिरव्या, पायऱ्या हिरव्या, झाडांची खोडं हिरवी. गावाने या सगळ्याला एकच नाव ठेवलं होतं, शेवाळ. पाय घसरला की त्याला शिव्या द्यायच्या आणि उघडीप झाली की खरवडून टाकायचं, यापलीकडे कुणी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

गावाच्या वरच्या अंगाला अक्का राहायची. तिच्या अंगणात एक डाळिंब होतं, सासूने माहेराहून रोप आणून लावलेलं. त्याच्या दाण्यांची गोडी आसपासच्या कुठल्या गावात नव्हती. कुणी तापाने फणफणला, कुणा बाळंतिणीच्या तोंडाची चव गेली, की माणसं अक्काच्या दारात उभी. अक्का आधी सगळी चौकशी करायची. ताप कधी चढला, काढा कुणी दिला, सून माहेरी का गेली. मग फळ द्यायची. त्या झाडामुळे तिला गावात मान होता, आणि तो तिला आवडायचा. का आवडू नये?

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या रिकाम्या घरात एक बाई राहायला आली. नाव तुळजा. बरोबर एक पत्र्याची पेटी, बारीक पात्याची सुरी आणि चिंध्यांचं बोचकं. अक्काने कुंपणाआडून सगळं पाहून घेतलं. एकटी बाई. बरं, एकटी तर एकटी. पण एवढ्या चिंध्या कशाला?

आल्यावर थोड्याच दिवसांनी तुळजा अक्काच्या दारात आली.

"अक्का, तुमच्या डाळिंबाविषयी जरा बोलायचं होतं."

"अजून पिकलं नाही," अक्का म्हणाली. "पिकलं की बघू." आणि दार लोटून घेतलं.

तुळजा गेली. अक्काने दाराच्या फटीतून पाहिलं, तर जाता जाता ती झाडाच्या बुंध्याकडे टक लावून बघत होती. हिची नजर बरी नाही, अक्काने मनाशी ठरवलं. आणि एकदा ठरवल्यावर मग काय, सगळं तसंच दिसायला लागलं.

रोज सकाळी तुळजा टोपली घेऊन निघायची, आणि काहीतरी काम काढून अक्काही निघायची. कधी गोवऱ्या, कधी हरवलेली शेळी. तुळजा पायरीपाशी वाकायची, भिंतीशी वाकायची, झाडाला गाल लावल्यासारखी जवळ जायची. हिरवा झुपका उपटायची, हुंगायची, मुठीत पिळायची. एखादा वाळका झुपका दिसला तर त्याला थुंकी लावायची आणि डोळ्यांपाशी धरून बघत बसायची. वर पुटपुटायची. अक्का करवंदीच्या जाळीमागे श्वास रोखून ऐकायची.

"ही नव्हे. हीपण नव्हे. हं, ही चालेल."

अक्काच्या अंगावर काटा आला. ही म्हणजे कोण? गावातल्या कुठल्या बाईवर डोळा ठेवतेय ही?

पाणवठ्यावर तिने बायकांना सगळं सांगितलं. थुंकणं, पुटपुटणं, सगळं.

"अगं, भाजी शोधत असेल गरीब बिचारी," एक जण म्हणाली.

"शेवाळाची भाजी? तू खाशील?"

"तू आणून दिलंस तर करून घालते तुलाही," ती म्हणाली, आणि बायका हसल्या. अक्का हसली नाही. हसणाऱ्यांनाच आधी बाधतं, असं ती म्हणाली, तेव्हा बाकीच्याही गप्प झाल्या. त्या दिवसापासून तुळजा पाण्याला आली की घागरी भराभर उचलल्या जाऊ लागल्या.

आणि मग पुरचुंड्या दिसल्या.

अक्काच्या डाळिंबाची एक मोठी फांदी कुंपणावरून तुळजाच्या अंगणात झुकली होती. त्या फांदीच्या बारक्या डहाळ्यांना चिंध्यांच्या पुरचुंड्या बांधलेल्या होत्या, केळीच्या सोपटाने घट्ट आवळलेल्या. जवळ जाऊन पाहिलं तर एका डहाळीची साल बांगडीसारखी गोल सोललेली, तिच्यावर अजून काही बांधलेलं नव्हतं. अक्काने झाडाकडे वर पाहिलं. शेंड्याची पानं पिवळी पडली होती.

आता तुम्हीच सांगा, यावर दुसरं काय वाटणार? अक्का तशीच पाटलांकडे गेली.

"करणी आहे. माझ्या झाडावर करणी केलीय. उद्या घराघरांवर होईल."

गावचे पाटील म्हातारे होते, आणि सावकाश बोलायचे. "तिला विचारलंत का काही?"

"चोराला विचारून चोरी कळते होय?"

पाटील काठी टेकत आले, मागे निम्मं गाव आलं. कितीतरी दिवसांनी त्या सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं. तुळजा अंगणात होती. एवढी माणसं पाहून ती उभी राहिली. अक्का थेट फांदीकडे गेली.

"थांबा," तुळजा म्हणाली. "सोडू नका त्या. आत्ता नको."

"बघा, कशी घाबरली," अक्का म्हणाली आणि तिने पहिली पुरचुंडी ओढून फाडली. मग दुसरी. मग हाताला येतील तेवढ्या सगळ्या. आतून केस निघेल, टाचणी निघेल, हळदकुंकू निघेल म्हणून माणसं माना पुढे काढून बघत होती. निघालं ओलं शेवाळ. आणि शेवाळ गळून पडलं तशी डहाळीच्या सोललेल्या जागेवरून लोंबणारी मुळं दिसली. पांढरी, दोऱ्यासारखी नाजूक. काही अक्काच्या बोटांना चिकटून तुटली होती.

पाटलांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"ही तर मुळं आहेत," ते म्हणाले.

"गुटी बांधली होती, डहाळीला झाडावरच मुळं फुटावीत म्हणून," तुळजा म्हणाली. "आम्ही बागाईतले लोक. माझ्या हाताला तेवढंच येतं. या झाडाचं खोड किडीने पोखरलंय. पुढच्या वर्षी ते उभं राहायचं नाही. म्हटलं, निदान त्याची रोपं तरी काढून ठेवावीत."

"दुसऱ्याच्या झाडाला हात लावायचा तर विचारावं माणसाने," पाटील म्हणाले.

"गेले होते विचारायला."

पाटलांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने झाडाच्या बुंध्याकडे पाहिलं. तिथे बोटभर भोक होतं आणि त्याच्याखाली लाकडाच्या भुशाचा लहानसा ढीग. तो आजचा नव्हता. सगळा पावसाळा ती शेजारणीच्या पावलावर पाऊल टाकून फिरली होती, आणि स्वतःच्या झाडाच्या बुडाशी एकदाही वाकली नव्हती.

"आता?" ती बुंध्याकडेच बघत म्हणाली.

तुळजाने पदर पाण्यात भिजवून उघड्या मुळांवर धरला होता. "मी इथून हलले तर ही सुकतील. कुणीतरी ओलं शेवाळ आणा. उन्हं चढायच्या आत बांधलं तर एखादं जगेल."

अक्का धावली. जवळच्या पायऱ्यांवरून ओंजळ भरून शेवाळ खरवडलं आणि आणलं.

"ही जात नव्हे. ही कुजते."

अक्का पुन्हा धावली. भिंतीवरचं मखमलीसारखं दाट शेवाळ सोलून आणलं.

"हीपण नव्हे. हिच्यात निम्मी माती आहे. आणि अक्का, तुम्ही तर रोज माझ्या मागे असायचा. करवंदीच्या जाळीत तुमचं लुगडं दिसायचं. मला वाटलं, एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. अक्काने मान खाली घातली.

"मी तुझ्याकडे बघत होते," ती म्हणाली. "तू कशाकडे बघतेस, ते नाही बघितलं. तू सांग. कोणतं आणू?"

सगळ्या पावसाळ्यात अक्काने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. तुळजाने पदर न हलवता सांगितलं.

"बोटाला बुळबुळीत लागलं तर सोडून द्या. मुळाशी माती घेऊन आलं तर सोडा. खोडावर पिसासारखं चपटं असतं, दिसायला छान, पण दुपारपर्यंत कुरकुरीत होतं. आपल्याला पाहिजे ते जरा फिकं, लांब देठाचं, उशीसारखं मऊ. मुठीत पिळलं की घळघळा पाणी सोडतं, आणि मूठ उघडली की पुन्हा फुगतं. वाळकं सापडलं तर थुंकी लावून बघा, जिवंत असेल तर पानं उघडतात."

"ते थुंकणं त्यासाठी होतं होय?"

"मग कशासाठी?"

अक्का तोवर वाटेला लागली होती.

झऱ्याच्या वरच्या कड्याशी ती गुडघ्यांवर बसली, आणि जन्मभर ज्याच्यावरून चालली त्याच्याकडे पहिल्यांदा तोंड जवळ नेऊन पाहिलं. एकाला चांदणीसारखी टोकदार पानं होती. एकावर केसाएवढे देठ उभे होते, आणि प्रत्येक देठावर मोहरीहून बारीक टोपी. तिसरं खडकाला असं चिकटलं होतं, की रंगच फासलाय वाटावा. तिने हे उपटलं, ते उपटलं, पिळलं, टाकलं. आपण तोंडाने काय पुटपुटतोय याचंही भान तिला नव्हतं. शेवटी कपारीत, जिथे पाणी नुसतं पाझरत होतं, तिथे तिला एक फिकट हिरवी गादी दिसली. मुठीत धरली तर कोपरापर्यंत हात भिजला. मूठ उघडली, आणि शेवाळ हळूहळू फुगून पुन्हा पहिल्यासारखं झालं.

ती ओच्यात शेवाळ भरून परत आली तेव्हा ऊन अंगणात चांगलंच चढलं होतं. तुळजाने एक झुपका पिळून पाहिला आणि होकाराची मान डोलावली. दोघींनी मिळून गाठी मारल्या. अक्काने शेवाळ धरलं, सोपट तुळजाने आवळलं.

पण उशीर तो उशीरच. एकेक डहाळी वाळत गेली. एकच तेवढी हिरवी राहिली. ती कापून लावायची वेळ आली तेव्हा अक्काच्या अंगणातल्या कीड लागलेल्या जागेजवळ नको म्हणून रोप तुळजाच्या अंगणात लावलं. ते खड्ड्यात उभं करताना माती अक्काने लोटली.

जुनं डाळिंब उन्हाळ्यातल्या एका वाऱ्याने आडवं झालं. पुढची काही वर्षं आजाऱ्यांची माणसं अक्काच्या दारात यायची आणि रिकाम्या हाताने परत जायची. बरीच रोपं होऊ शकली असती, ती माझ्याच हाताने गेली, असं ती प्रत्येकाला सांगायची. मग नव्या झाडाला फळं धरली. जुन्याचीच गोडी त्यांत उतरली होती. तेव्हापासून गावातली माणसं डाळिंब मागायला तुळजाच्या दारात जाऊ लागली, आणि आपल्या घरात कुणी आजारी पडलं की अक्काही त्यांच्यातच उभी राहायची.

लहानथोरांनी यातून घ्यायचं ते एवढंच: मनाशी आधीच ठरवून पाळत ठेवली तर डोळ्यांसमोरचंही दिसत नाही, म्हणून कुणाच्या मागे फिरण्याआधी त्याला समोरून विचारावं.