न आलेल्याचं पान

“मेलेल्या माणसाच्या ताटात कुणी वरण वाढतं का, बाबा? तुम्हीच सांगा!”

केवळगिरी बाबा सुपारी कातरत होते. कातरत राहिले.

विचारणारा मुकुंद घैसास. पुण्याच्या एका दैनिकात सिनेमांची परीक्षणं लिहितो. वीस वर्षं बाबांचा शिष्य म्हणवतो, पण येतो तो बाबांनाच चार गोष्टी शिकवायला. मी धर्मा, मठातला वाढपी. मला हा गृहस्थ कधीच आवडला नाही, ते आधीच सांगून टाकतो.

“कसला सिनेमा?” बाबांनी विचारलं.

“ब्लॅक कॉमेडी म्हणे! घरात मेजवानी, सहा पाहुणे. यजमान खुर्चीत बसल्याबसल्या मेलेला. बायको त्याला वाढतेय, पाहुणे ‘अहो, घ्या ना’ करतायत, आणि आइस्क्रीम येईपर्यंत कुणाला पत्ता नाही! छे! केवढ्या आशेनं गेलो होतो. ना धड भीती, ना धड विनोद. असं कुठे होतं का? दीड स्टार दिला मी.”

“कुणीच हसलं नाही?”

मुकुंदानं कातरलेली सुपारी उचलून तोंडात टाकली.

“वासंती हसली.”

वासंती त्याची बायको. मठात आली की माझ्याशेजारी बसून मेथी निवडते. तिला मी कधी मोठ्यानं बोलतानासुद्धा ऐकलेलं नाही.

“किती हसली?”

“लोक मागे वळून बघायला लागले, बाबा. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

“मग?”

“मग काय… घरी आली आणि बॅग भरली. उद्या सकाळच्या गाडीनं नाशिकला, बहिणीकडे. परत येणार नाही म्हणते.”

“तू तिला काही विचारलंस?”

“मला परीक्षण लिहायचं होतं, बाबा. लगेच पाठवावं लागतं.”

अडकित्ता थांबला.

“तुमचं ती ऐकते,” मुकुंद म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “एक पत्र द्या लिहून. तुम्ही म्हणालात तर राहील ती. तिच्याशिवाय मला… नाही जमायचं.”

तेवढ्यात दुपारच्या जेवणाची घंटा झाली. बाबा उठले आणि मुकुंदाला मनगट धरून पंगतीत घेऊन आले.

आमच्या मठाची एक रीत आहे. पंगतीत बाबांच्या उजव्या हाताला पहिलं पान मांडायचं ते न आलेल्याचं. त्याला सगळं वाढायचं, आग्रह करायचा, ‘सावकाश होऊ द्या’ म्हणायचं. पण तिकडे बघायचं नाही आणि उत्तराची वाट पाहायची नाही. जेवणं झाली की ते पान गाईला. मूळ महाराजांपासून चालत आलंय, का ते मला ठाऊक नाही.

त्या पाटावर आजवर कुणी बसलं नव्हतं.

बाबांनी मुकुंदाला तिथे बसवलं.

मी भाताचं पातेलं घेऊन उभाच राहिलो. बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग काय करणार? नजर भिंतीवर ठेवली आणि वाढलं.

“धर्मा, मीठ राहिलं,” मुकुंद म्हणाला.

मी पुढे गेलो.

“अरे, मीठ!”

पलीकडे आमचे दत्तोपंत मास्तर. ते भिंतीकडे बघून आदबीनं म्हणाले, “संकोच करू नका हं. घ्या.”

मुकुंद हसला. मठातली गंमत वाटली असणार त्याला. हसून त्यानं डावीउजवीकडे बघितलं. चाळीस माणसं खाली मान घालून जेवत होती.

दुसऱ्या वाढीला त्यानं पानावर हात आडवा धरला. “बास, बास.” रीत म्हणजे रीत. भात त्याच्या बोटांवर पडला. गरम होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मठाची मांजर आली आणि त्याच्या मांडीवरून सपाट जमिनीवरून जावं तशी पलीकडे निघून गेली.

मग तो हळूच बोलायला लागला. “मास्तर… माझी बायको उद्या जातेय हो.”

“पोळी वाढ रे इकडे,” मास्तर भिंतीला म्हणाले. “आमटी छान झालीय, नाही?”

“परत येणार नाही म्हणते.”

“सावकाश होऊ द्या.”

खरं सांगतो, चौथ्या वाढीला मला तो दिसेनासा झाला. पाट दिसत होता, पान दिसत होतं, पानातला भात कमी होताना दिसत होता. माणूस नव्हता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी तोंडातून निघालं, “घ्या ना, थोडं घ्या.”

जेवणं झाली. लोक हात धुवायला गेले. मी गाईसाठी ते पान उचलायला वाकलो, तर कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. लाज वाटते सांगायला, पण मी किंचाळलो.

“मी इथे आहे!” मुकुंद ओरडला. चेहरा राखेसारखा झाला होता. “इथेच होतो मी! सगळा वेळ इथेच बसलो होतो! बाबा, सांगा यांना!”

बाबांनी चूळ भरली, पंच्याला तोंड पुसलं आणि त्याच्याकडे बघितलं. जेवणं सुरू झाल्यापासून त्याच्याकडे कुणी बघण्याची ती पहिली वेळ.

मुकुंद लहान पोरासारखा रडायला लागला. बराच वेळ रडला…

“पत्र…” शेवटी तो म्हणाला. “पत्र देता ना, बाबा?”

“आधी घरी जा,” बाबा म्हणाले. “तू आत्ता ओरडलास ना, मी सगळा वेळ इथेच होतो म्हणून, तेच वासंतीला सांग… तिनं न हसता ऐकून घेतलं, तर ये. लिहून देतो.”