पिंपाच्या पोटातला आवाज

फार वर्षांपूर्वी एका बागेत शेणखत, गूळ आणि पाणी पोटात घेऊन एक पिंप बसलेलं असे. छोटा पंप नळीने त्यात हवा सोडी, आणि ते मुरलेलं पाणी हिरवळीला मिळे.

"सारखा काय गुरगुरतोस? गप बस की!" पिंप पंपावर वैतागलं.

"मी थांबलो तर तुझ्या पोटात पाणी मुरवणारे बारीक जीव गुदमरतील, पिंपदादा."

पिंप मुद्दाम नळीवर रेललं. बुडबुडे थांबले, पोटातली कुजबुज विझली. पिंपाला बरं वाटलं. मग तळातून कुणीतरी जड आवाजात बोललं, "छान केलंस. आम्हाला हवा नकोच होती."

कुजकट वास सुटला; पोटातलं पाणी नासलं होतं.

समोरची कोमेजलेली हिरवळ म्हणाली, "दादा, आज पाणी देशील ना?"

'पिऊ नकोस' म्हणून ओरडायला पिंपाने तोंड उघडलं. बाहेर तोच जड आवाज आला, "घे बाळ, पोटभर पी."