दुप्पट वेगाची पट्टी

कॉम्प्युटरला बाळंतिणीसारखं कापडात गुंडाळून ठेवत, त्या काळची गोष्ट. एका सरकारी कचेरीत जुन्या रॅमच्या पट्टीशेजारी दुप्पट वेगाची नवी पट्टी बसवली.

मदरबोर्ड म्हणाला, "दोघींनी जुनीच्या चालीनं चालायचं."

"या म्हातारीच्या? मी?" नवी फणकारली आणि अडून बसली. मशीन नुसतं केकाटायला लागलं.

मेकॅनिक दिघ्यांनी नवीला उपसलं, तिचे सोनेरी दात खोडरबरानं खसाखसा घासले आणि परत बसवलं. असं तीनदा झालं. मग ते म्हणाले, "आता दुकानात परत!" तशी ती मुकाट चालू लागली.

"माझा एवढा वेग वाया गेला हो, आजी!"

"थांब गं. साहेब काय उघडतात ते तर बघ."

साहेबांनी चष्मा लावला आणि स्क्रीनवर पत्त्यांचा डाव मांडला.